तिसऱ्यांदा आलेली रांजणवाडी

पत्र: माझ्या आईचं वय ६४. दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत गाठ आली. दुखत नव्हती. डॉक्टर म्हणाले, रांजणवाडीचाच प्रकार आहे. छोटा छेद देऊन काढली. पाच महिन्यांनी त्याच जागी परत आली, परत काढली. आता तिसऱ्यांदा आली आहे. आईचं म्हणणं, त्रास काही नाही, मग डोळ्याला पुन्हा सुरी कशाला? सुरी लागली की वाढतं, असंही तिला कोणीतरी सांगितलंय. मी इंटरनेटवर शोधलं, तर एकीकडे ‘पापणीच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात’ आणि दुसरीकडे कॅन्सरचे फोटो. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांशी पिवळे चट्टे आहेत, भावाच्या पापणीवर लहानपणापासून तीळ आहे. आमच्या घराण्यातच काही आहे का? गाठ साधी की कॅन्सरची, हे बघून कळतं का? आणि पापणीचा कॅन्सर होतो तरी कितीजणांना?
— काळजीत पडलेली मुलगी

उत्तर:

ताई, आधी मीच तुम्हाला एक प्रश्न विचारतो. आईच्या पापणीतून दोनदा जे काढलं, ते गेलं कुठे? प्रयोगशाळेत, की कचऱ्याच्या डब्यात?

तुमच्या पत्रात पॅथॉलॉजीच्या रिपोर्टचा उल्लेख नाही. कदाचित तुम्ही लिहायला विसरला असाल. पण तपासायला पाठवलंच नसेल, तर आईच्या गाठीचं नाव अजून कोणालाच माहीत नाही. दोनदा काढणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. पहिल्या वेळी न पाठवणं समजण्यासारखं आहे. साध्या दिसणाऱ्या रांजणवाडीचा प्रत्येक तुकडा कोणी पाठवत नाही. दुसऱ्या वेळी पाठवायला हवा होता. आता तिसऱ्या वेळी तो गेलाच पाहिजे. माझा सल्ला एवढाच आहे. बाकीचं उत्तर हा सल्ला इतक्या ठामपणे का देतोय, ते सांगण्यासाठी.

तुमची आणि भावाची काळजी आधी मिटवू. तिघांच्या पापण्यांवर तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचं आपसात काही नातं नाही.

लहानपणापासून आहे तसा राहिलेला तीळ सहसा साधा तीळच असतो. वयाबरोबर तो थोडा उंच होतो, कधी फिका पडतो, त्याच्यातून पापणीचे केसही वाढतात. केस शाबूत असणं हे उलट चांगलं लक्षण. तिळाचा एक गंमतीदार प्रकार सांगतो. काहींचा तीळ वरच्या आणि खालच्या पापणीवर अर्धा-अर्धा असतो आणि डोळा मिटला की जुळून एक होतो. गर्भात काही महिने दोन्ही पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. तीळ त्या काळात तयार होतो आणि पुढे पापण्या उघडल्या की दुभंगतो. भावाला इतकंच सांगा: तिळाचा रंग किंवा आकार बदलू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रक्त आलं, तर दाखव. नाहीतर विसरून जा.

तुमचे पिवळे चट्टे बहुधा झँथेलाझ्मा असावेत, म्हणजे त्वचेखाली साठलेली चरबी. त्यांचा कॅन्सर होत नाही. पण ते दिसले की मी रक्तातली चरबी तपासायला सांगतो. असे चट्टे असलेल्या साधारण निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल ठीक निघतं. तरीही दुर्लक्ष करू नका. कोपनहेगनमध्ये जवळपास १२,७०० लोकांवर तीसेक वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्यांच्यापैकी ४.४ टक्के लोकांना हे चट्टे होते, आणि कोलेस्टेरॉलचा आकडा बाजूला ठेवूनही त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण जास्त आढळलं. तेव्हा तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांपेक्षा फॅमिली डॉक्टरांकडे जा.

आता ‘बहुतेक गाठी निरुपद्रवी’ या वाक्याकडे वळू. ते खरं आहे. पापणी हा अगदी छोटा भाग, तिथली त्वचा शरीरात सर्वांत पातळ, पण तेवढ्यातच घामाच्या ग्रंथी, तेलाच्या ग्रंथी, केसांची मुळं, स्नायू, रक्तवाहिन्या असं सगळं दाटीवाटीने बसलेलं. यातल्या कशाचीही गाठ होऊ शकते, म्हणून प्रकारांची यादी लांबलचक आहे. रोजच्या पाहण्यातल्या मात्र थोड्याच. लोंबणारा मऊ मस. उतारवयात येणारा, वरून चिकटवल्यासारखा दिसणारा तपकिरी, खरबरीत डाग, म्हणजे सेबोऱ्हिक केराटोसिस. तीळ. घामाच्या ग्रंथीचं तोंड बुजून झालेला पाण्याच्या थेंबासारखा पारदर्शक फोड. मुलांमध्ये दिसणारे, मधोमध खळगा असलेले विषाणूचे मोत्यासारखे पुटकुळे; हे पापणीच्या कडेवर असले तर डोळा सारखा लाल राहतो आणि थेंब घालघालून सगळे थकतात.

तान्ह्या बाळाच्या पापणीवरची लालभडक रक्तवाहिन्यांची गाठ पाहून घरातले हादरतात. ती कॅन्सरची नसते आणि पुढे आपोआप ओसरतेही. पण पापणी जड होऊन डोळा झाकला गेला, तर नजर आळशी होऊ शकते, म्हणून वाट पाहत बसायचं नाही. प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या जुन्या औषधाने ती झपाट्याने आक्रसते हे २००८ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, तेही अगदी योगायोगाने.

आणि रांजणवाडी? काटेकोर बोलायचं तर ती ट्यूमर नव्हेच. दुखरी, लाल, पू धरणारी ती रांजणवाडी, जिवाणूंमुळे होते. तेलाच्या ग्रंथीचं तोंड बंद होऊन आत तेल साचतं आणि त्याभोवती न दुखणारी टणक गाठ बनते, तिला डॉक्टर कॅलॅझिऑन म्हणतात. बोलताना आपण दोन्हींना रांजणवाडीच म्हणतो. आईची गाठ दुखत नव्हती, म्हणजे डॉक्टरांना कॅलॅझिऑन म्हणायचं असणार. काही आठवडे गरम शेक, हलका मसाज, नाही विरघळली तर पापणी उलटून आतून छोटा छेद, असे तिचे उपचार असतात. ज्यांच्या ग्रंथी वरचेवर बुजतात, त्यांना अशा गाठी पुन्हा पुन्हा होतातही, पण सहसा आज इथे, उद्या तिथे. एकाच जागी हट्टाने परत येणाऱ्या गाठीकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

तुम्ही आकडे विचारलेत, तर आकडे देतो. पण ते कसे वाचायचे तेही सांगतो, कारण इंटरनेटवरचा गोंधळ बराचसा तिथेच होतो.

स्वित्झर्लंडमध्ये पापणीच्या ५,५०४ गाठींचा एक मोठा आढावा घेतला गेला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८४ टक्के साध्या, १६ टक्के कॅन्सरच्या. शंभरातल्या सोळा! वाचून छातीत धस्स होतं. पण हे शंभर कोण? ज्यांची गाठ कापून प्रयोगशाळेत पाठवली गेली, ते. मस असलेले, तीळ असलेले, शेक देऊन गाठ विरघळलेले असंख्य लोक या हिशेबात आलेलेच नाहीत. त्यांना धरलं तर कॅन्सरचं प्रमाण पुष्कळ खाली येईल. म्हणजे पापणीवर काहीतरी आलं एवढ्यावरून घाबरण्याचं कारण नाही. मात्र ज्या गाठीवर एखाद्या डॉक्टरला सुरी चालवावीशी वाटली, तिच्या बाबतीत सोळा हा आकडा विसरूनही चालत नाही. आईची गाठ या दुसऱ्या गटातली आहे.

त्याच आढाव्यात कॅन्सर निघालेल्या गाठींपैकी ८६ टक्के बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेच्या वरच्या स्तरातल्या तळाच्या पेशींचा कॅन्सर) होत्या, ७ टक्के स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (त्याच स्तरातल्या वरच्या, चपट्या पेशींचा) आणि ३ टक्के सिबेशियस, म्हणजे तेलाच्या ग्रंथींचा कॅन्सर. युरोप-अमेरिकेतली पाठ्यपुस्तकं साधारण हेच सांगतात, आणि म्हणून जगभरच्या वेबसाइटवर ‘सिबेशियस कार्सिनोमा दुर्मीळ आहे’ असं छापलेलं असतं. आता भारतातल्या एका अभ्यासाचे आकडे बघा. पापणीच्या कॅन्सरचे ५३६ रुग्ण. त्यात सिबेशियस ५३ टक्के, बेसल सेल २४ टक्के, स्क्वॅमस १८ टक्के. क्रमच उलटा! आशियातल्या इतर देशांतही पाश्चात्त्य आकड्यांच्या मानाने सिबेशियसचा वाटा मोठाच दिसतो. याचं एक कारण साधं आहे. बेसल सेल हा मुख्यतः गोऱ्या कातडीचा आणि उन्हाचा आजार. सावळ्या त्वचेत तो कमी होतो, मग उरलेल्यांचा टक्का आपोआप फुगतो. म्हणजे टक्का मोठा दिसला तरी एकूण रुग्णसंख्या तितक्याच पटीने मोठी असते असं नाही. पण समोर बसलेल्या डॉक्टरने ‘दुर्मीळ आहे’ असं म्हणून तो डोक्यातून काढून टाकावा, एवढा तो सगळीकडे दुर्मीळ नाही.

हे तीन कॅन्सर स्वभावाने वेगवेगळे आहेत. बेसल सेल संथ. निम्म्याहून अधिक वेळा तो खालच्या पापणीवर असतो, त्याखालोखाल नाकाजवळच्या कोपऱ्यात. मोत्यासारखी चकाकती कड, तीवर बारीक रक्तवाहिन्या, मध्ये खळगा. खपली धरते, पडते, परत धरते, जखम भरल्यासारखी वाटते पण भरत नाही. डब्लिनचे डॉक्टर आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये या व्रणाचं वर्णन केलं, तेही पापणीच्या संदर्भातच. पुढे त्याला उंदराने कुरतडल्यासारखा व्रण म्हणू लागले. नाव किळसवाणं पण अचूक. तो शरीरात दूरवर जवळजवळ कधीच पसरत नाही, पण जागच्या जागी कुरतडत राहतो. नाकाजवळच्या कोपऱ्यातला तर डोळ्याच्या खोबणीत खोलवर शिरू शकतो, म्हणून तिथला लहानसा व्रणही लहान समजायचा नाही. स्क्वॅमस याहून चपळ. तो लसिका ग्रंथींपर्यंत आणि नसांच्या वाटेने पुढे जाऊ शकतो. अवयव रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांमध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं. मेलॅनोमाला, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरला, सगळे घाबरतात, पण पापणीच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा जेमतेम एक टक्का.

सिबेशियस कार्सिनोमा हा सोंगाड्या. म्हणूनच तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर लिहितोय.

पापणीच्या पोटात तेलाच्या उभ्या ग्रंथींची एक रांग असते, मेबोमियन ग्रंथी. वरच्या पापणीत साधारण ३० ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. हा कॅन्सर बहुधा यांच्यातूनच उगवतो, त्यामुळे तो वरच्या पापणीत जास्त सापडतो. साठीच्या आसपास, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक. कॅलॅझिऑनही याच ग्रंथींचं. म्हणजे दोघांचा पत्ता एकच. सुरुवातीला दिसायलाही सारखे: टणक, न दुखणारी, पिवळसर गाठ. चिरून खरवडली की काही दिवस सपाट होते आणि परत येते. कधी तर गाठही नसते. एकाच डोळ्याची पापणी जाड, लाल, कोंडा धरल्यासारखी. डोळा आल्यासारखा दिसतो, पण महिनोन्‌महिने जात नाही. साधी पापणीची सूज बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना असते. एकाच डोळ्याची, औषधाला दाद न देणारी सूज दिसली की शंका घ्यायची.

मी स्वतः एकदा फसलोय. उमेदवारीच्या दिवसांत एका आजोबांच्या अशाच लाल पापणीला मी तीन महिने मलम देत राहिलो. पापणीचे केस मधोमध विरळ झालेले मला दिसत होते, पण वय झालंय, गळले असतील, असं मी मनाशी धरलं. माझ्या वरिष्ठांनी एकदा बॅटरी मारून पाहिलं आणि मला विचारलं, “केस एकाच ठिकाणचे म्हातारे झाले का?” बायॉप्सी केली, म्हणजे तुकडा काढून तपासायला पाठवला, सिबेशियस निघाला. आजोबांचा डोळा वाचला, पण पापणीचा मोठा भाग काढावा लागला. ते तीन महिने माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हा ‘बघून कळतं का?’ याचं उत्तर: बऱ्याचदा कळतं, नेहमी नाही. अनुभवी डॉक्टरांनी साध्या ठरवलेल्या गाठींपैकीही शेकडा एखाद-दोन कॅन्सरच्या निघतात. शंका वाढवणाऱ्या खुणा घरी बसूनही पाहता येतात. आईला खिडकीशी उजेडात बसवा आणि पाहा: गाठीवरचे केस गळलेत का, पापणीची कड त्या जागी तुटल्यासारखी किंवा ओढल्यासारखी दिसते का, रक्त किंवा खपली येते का, तो डोळा दुसऱ्यापेक्षा सतत लाल असतो का. कानाच्या पुढे आणि जबड्याखाली हलक्या बोटांनी चाचपा, तिथे गाठ लागते का. यातलं काहीच नसलं, तरीही तिसऱ्यांदा त्याच जागी येणं हे एकच कारण बायॉप्सीला पुरेसं आहे. मी पापणी पाहिलेली नाही, म्हणून आईला कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. पुन्हा आलेल्या गाठींपैकीही बऱ्याच साध्याच निघतात. पण ते सूक्ष्मदर्शकाला म्हणू द्या.

आणि दुखत नाही, त्रास नाही, याचा आधार आईने घेऊ नये. पापणीचे कॅन्सर सुरुवातीला क्वचितच दुखतात. दुखते ती रांजणवाडी.

‘सुरी लागली की वाढतं’ ही भीती फार जुनी आहे, आणि तिच्यापायी लोकांनी वर्षं घालवलेली मी पाहिली आहेत. बायॉप्सीने पापणीचा कॅन्सर पसरत नाही. असं का वाटतं, तर आजार मुळात पुढे गेलेला असतो, बायॉप्सीने फक्त त्याचं नाव कळतं, आणि दोष सुरीला जातो. खरं नुकसान होतं ते न तपासता पुन्हा पुन्हा खरवडण्याने, कारण त्यात वेळ जातो. म्हणूनच पापणीवरचं काहीही कुठे जाळून किंवा लेझरने उडवून घेऊ नका. राख झालेलं तपासता येत नाही.

आईला शक्यतो ऑक्युलोप्लास्टी करणाऱ्या, म्हणजे पापण्यांच्या शस्त्रक्रियेत तज्ज्ञ असलेल्या नेत्रतज्ज्ञांकडे न्या. दोन-चार आठवड्यांपेक्षा जास्त लांबवू नका. आधीच्या दोन्ही शस्त्रक्रियांचे कागद सोबत ठेवा. तेव्हा तुकडा पाठवलेला असेल, तर त्या प्रयोगशाळेत तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचा जपून ठेवलेल्या असण्याची शक्यता आहे. त्या मागवून पुन्हा पाहता येतात. गेल्या दोन-तीन वर्षांतले आईचे जवळून काढलेले फोटो मोबाइलवर शोधा. पापणीचे केस कधीपासून विरळ झाले, हे फोटो कधी कधी माणसांपेक्षा अचूक सांगतात. बायॉप्सी जागेवर भूल देऊन होते, त्याच दिवशी घरी जाता येतं. पॅथॉलॉजिस्टला पाठवायच्या चिठ्ठीवर नुसतं ‘कॅलॅझिऑन’ न लिहिता ‘पुन्हा आलेली गाठ, सिबेशियस कार्सिनोमा नाही ना पाहावे’ असं लिहायला डॉक्टरांना सांगा. संकोच करू नका, चांगला डॉक्टर रागावत नाही. समोर काय शोधायचं हे माहीत असलं की पॅथॉलॉजिस्टची नजरही वेगळी चालते.

रिपोर्टमध्ये कॅलॅझिऑन आलं, तर ग्रंथींचे उपचार नीट करायचे आणि सहा महिन्यांनी एकदा दाखवायचं. कॅन्सर आला, तर बहुतेक वेळा उपाय शस्त्रक्रियाच. गाठ भोवतालच्या निरोगी दिसणाऱ्या पट्टीसकट काढतात आणि कडा स्वच्छ आहेत का, हे तिथल्या तिथे किंवा टप्प्याटप्प्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सिबेशियस असेल तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आणि पापणीच्या आतल्या आवरणाचे अनेक बारीक तुकडेही घेतात, कारण हा कॅन्सर त्या आवरणातून दबक्या पावलांनी पसरतो आणि मध्ये मोकळी जागा सोडून पुढे उगवलेलाही सापडतो. मग पापणी पुन्हा बांधायची. पाव ते एक तृतीयांश पापणी गेली तरी उरलेल्या कडा सरळ जुळवून शिवता येतात. उतारवयात पापणी सैल झालेली असते, ती इथे कामी येते. जास्त गेली तर दुसऱ्या पापणीतून पडदा आणून भरपाई करतात. तेव्हा काही आठवडे तो डोळा मिटलेला राहतो, हे आईला आधीच सांगा म्हणजे घाबरणार नाही. त्यानंतर काही वर्षं नियमित तपासणी. गाठ लहान असताना हे सगळं किरकोळ राहतं. आजार खोबणीत शिरल्यावर मात्र डोळा वाचवण्याचा प्रश्न उभा राहतो.

घराण्याबद्दल एक गोष्ट राहिली. तिघांच्या पापण्यांचा संबंध नाही हे वर लिहिलंच. पण आईचा रिपोर्ट सिबेशियस आला, तर तिला, तिच्या आईवडिलांना किंवा भावंडांना आतड्याचा वा गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. क्वचित हे दोन्ही एकाच आनुवंशिक दोषातून येतात, आणि तसं असेल तर तुमची आणि भावाची तपासणी वेगळी ठरते. नाहीतर हा प्रश्न बाजूला ठेवा.

आईला कॅन्सर हा शब्द ऐकवायची आज गरज नाही. “दोनदा काढलंस, पण ते काय होतं ते कोणी बघितलंच नाही, या वेळी बघून घेऊ,” एवढंच सांगा. आणि तिच्याबरोबर जाल तेव्हा सकाळी उपाशीपोटी निघा, येताना तुमच्या कोलेस्टेरॉलचं रक्त देऊन या.